ठाण्याहून न्यूरेंबर्गच्या नाताळ बाजाराला: तारखा, कपडे, खाणं आणि मगाचं डिपॉझिट

पहिली चूक कॅलेंडरमध्ये होते. ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच शाळांना नाताळची सुट्टी २४-२५ डिसेंबरच्या आसपास लागते, म्हणून घरचे लोक २५ तारखेचं तिकीट काढतात. जर्मनीत उतरतात तेव्हा बाजार उठलेला असतो. तिथे हा बाजार सणाच्या आधी भरतो, सणाच्या दिवशी नव्हे. वसई-ठाण्याकडचे ख्रिस्ती लोक ज्याला आगमनकाळ म्हणतात, त्या चार रविवारांचा हा बाजार. पहिला रविवार दर वर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कुठेतरी येतो. न्यूरेंबर्गचा बाजार त्याच्या आदल्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला दुपारी २ वाजता संपतो. २०२६ मध्ये तो शुक्रवार २७ नोव्हेंबरला आहे.

शाळा बुडवायची नसेल तर शहर बदला. प्रागच्या जुन्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत चालतो, साल्झबुर्गचा १ जानेवारीपर्यंत, व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरचा २६ डिसेंबरपर्यंत. बर्लिनमधलेही काही ३१ तारखेपर्यंत उघडे असतात. कपड्यांबद्दल आणि मगाबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते तिथेही लागू पडेल. रस्ते आणि वेळा मात्र न्यूरेंबर्गच्या आहेत, कारण पहिल्या खेपेला हेच शहर सोयीचं. स्टेशनपासून बाजार एक किलोमीटरवर आहे, सगळं पायी होतं, आणि बाजार इतका मोठाही नाही की थकून जावं.

डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा आणि वार सोमवार ते गुरुवार यांतला निवडा. शनिवारी संध्याकाळी तिथली गर्दी दिवाळीच्या आदल्या शनिवारच्या राम मारुती रोडसारखी असते. फरक इतकाच की न्यूरेंबर्गला प्रत्येकाच्या अंगावर जाड जॅकेट आणि हातात गरम मग असतो.

व्हिसाचं गणित दिवाळीच्या आधी

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. या १५ दिवसांवर विसंबू नका. अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे जाऊ शकतात, त्यात मध्ये दिवाळी. डिसेंबरसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज टाकलेला बरा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

म्युनिकपासून पुढे

मुंबईहून थेट न्यूरेंबर्गला विमान नाही. म्युनिक किंवा फ्रँकफर्टला उतरून पुढे रेल्वे. म्युनिक विमानतळावरून एस-वन किंवा एस-एट लोकलने मुख्य स्टेशन ४० ते ४५ मिनिटांवर आहे. तिथून वेगवान आयसीई गाडी साधारण सव्वा तासात न्यूरेंबर्गला नेते. आयसीईचं तिकीट महिना-दोन महिने आधी काढलं तर स्वस्त पडतं, ऐन वेळी काढलं तर डोळे पांढरे होतात.

चार-पाच जण असाल तर बायर्न-टिकेट बघा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत बव्हेरियात, म्हणजे म्युनिक आणि न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहेत तिथे, दिवसभर फिरता येतं, साल्झबुर्ग स्टेशनसुद्धा त्यात धरलेलं आहे. अटी तीन. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही, फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ पासून लागू होतं, त्यामुळे पहाटे उतरणाऱ्यांना विमानतळावर चहा घेत बसावं लागतं. आणि तिकिटावर प्रवाशांची नावं असावी लागतात. ती जागा कोरी ठेवून गाडीत बसलात तर तिकीट असूनही तपासनिसाशी वाद होतो.

थंडी पायातून चढते

न्यूरेंबर्गचा डिसेंबर म्हणजे दिवसा ३-४ अंश, रात्री शून्याच्या जरा खाली. ऐकायला फार वाटत नाही, मनाली करून आलेल्यांना तर मुळीच नाही. पण मनालीत माणूस चालत असतो. बाजारात तो उभा असतो, तेही दगडी फरसबंदीवर. एका जागी अर्धा तास उभं राहिलं की तळव्यातून गारठा वर चढतो, आणि मग अंगात कितीही महागडं जॅकेट असो, हुडहुडी थांबत नाही. म्हणून खर्चाचा क्रम उलटा करा: आधी बूट, मग मोजे, जॅकेट शेवटी.

बुटाचा तळ जाड रबरी हवा, बोट दाबून वाकेल असा पातळ नको. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या आणि दुकानात लोकरीचा मोजा घालूनच मापून बघा. धावायचे जाळीदार बूट अजिबात नकोत. त्या दिवसांत बर्फापेक्षा रिमझिम पाऊस जास्त पडतो आणि जाळीतून पाणी थेट आत येतं. दोन मोजे एकावर एक घालायची आपल्याकडची सवय इथे उलटते. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तपुरवठा दबतो आणि बोटं आणखी गार पडतात. लोकरीचा एकच जाड मोजा पुरतो, दुसरा कोरडा जोड पिशवीत ठेवा.

अंगावर तीन थर. अंगालगत थर्मल, सुती बनियन नव्हे, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओल्या कापडाने अंग गार पडतं. मधे स्वेटर किंवा फ्लीस. वर वारा आणि पाणी अडवणारं, टोपीवालं जॅकेट. गर्दीत छत्री उघडली तर शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते, टोपीच बरी. टी-शर्टवर एकच जाडजूड जॅकेट घालणाऱ्यांची पंचाईत दुकानात शिरल्यावर होते. आत २०-२२ अंशांचं हीटिंग असतं, जॅकेट घालून घाम आणि काढून हातात ओझं. मधल्या थराला चेन असली की गळ्यापासून उघडता येतं.

साडी नेसायचीच असेल तर आत थर्मल लेगिंग आणि घोट्यापर्यंतचे बूट घाला, आणि साडी दोन बोटं वर नेसा. ओल्या दगडावर निऱ्यांचा काठ पाणी शोषतो आणि तासाभरात पावलांना गार पट्टी बांधल्यासारखं होतं. पंजाबी ड्रेस सोपा.

कानटोपी कान झाकणारी हवी. हातमोजे असे घ्या की मोबाइल चालवायला सारखे काढावे लागणार नाहीत. मोबाइल आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ४० टक्के दाखवणारा फोन फोटो काढतानाच बंद पडतो. खोलीत गरम झाला की पुष्कळदा परत चालू होतो. ओठांना आणि हातांना व्हॅसलीन न्या. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, ते २४ अंशांखाली थिजतं. हॉटेलच्या बाथरूममध्ये बाटलीला गरम पाणी घालत बसायला कोणाला वेळ आहे?

हे सगळं अंगावर चढवून घरून निघू नका. ठाण्याहून विमानतळापर्यंत, त्यात घाटकोपरला गाडी अडकली तर, घामाघूम व्हाल आणि ओलं थर्मल घेऊन विमानात बसाल. बूट पायात, जॅकेट हातात, थर्मल केबिन बॅगेत. उतरल्यावर विमानतळावरच बदला.

बाजारात दोनदा जा

स्टेशनच्या समोर जुन्या तटबंदीचा कोनिग्सटोर बुरूज दिसतो. तिथून कोनिग्सश्ट्रासे हा रस्ता धरून सरळ खाली या. लोरेन्झ चर्च लागेल, मग पेग्निट्झ नदीवरचा पूल, आणि पुढे हाउप्टमार्क्ट हा चौक. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छतांच्या लाकडी टपऱ्या ओळीने दिसल्या की पोचलात. स्टेशनपासून इथवर किलोमीटरभर, एवढंच अंतर.

एकाच फेरीत पाच तास काढायचा बेत करू नका. दिवसाची विभागणी अशी करा. सकाळी १० ला बाजार उघडतो तेव्हा खरेदी. टपरीवाल्याला बोलायला वेळ असतो, वस्तू हातात घेऊन बघता येते. बाराला पाच मिनिटं असताना फ्राउएनकिर्ख या चर्चसमोर उभे राहा. ठीक १२ वाजता त्याच्या घड्याळाखालच्या सात मूर्ती सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरतात. त्यानंतर बाहेर पडा. जेवा, हॉटेलवर जाऊन मोजे बदला, एखादं संग्रहालय बघा. सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा चारला परत या. साडेचार ते सहा हा उत्तम वेळ: दिवे लागलेले आणि ऑफिसं सुटायची असतात. सहानंतर सहकाऱ्यांचे घोळके मग घेऊन टपऱ्यांपुढे उभे राहतात आणि वाटच उरत नाही.

उद्घाटनाच्या शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या सज्जातून क्रिस्टकिंड प्रास्ताविक म्हणते. सांताक्लॉज नव्हे, सोनेरी कुरळ्या केसांची, मुकुट घातलेली तरुण मुलगी. दर दोन वर्षांनी शहरातून नवी निवडतात. सोहळा सुंदर आहे, पण लहान मुलं किंवा सत्तरीचे आई-वडील बरोबर असतील तर तो दिवस टाळा. चौकात मुंगीला शिरायला जागा नसते.

मुलांसाठी हाउप्टमार्क्टपासून दोन-तीन मिनिटांवर हान्स-साक्स-प्लाट्झ इथे वेगळा छोटा बाजार असतो, त्यात दोनमजली पाळणा. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. शोनर ब्रुनन हे सोनेरी कारंजं सगळ्यांना आधी सुचतं, म्हणूनच ते टाळा, तिथली कडी फिरवायला कायम रांग असते. चर्चचा दरवाजा बरा. मुलाच्या जॅकेटच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

बसायला जवळजवळ काही नाही, उंच टेबलं उभ्यानेच वापरायची. गुडघे दुखणाऱ्यांनी दर ४० मिनिटांनी जवळच्या कॅफेत जाऊन बसावं. शौचालयाचा प्रश्न तर आपल्या लोकांना हमखास गाठतो, कारण थंडीत लघवी जास्त लागते आणि बाजारातली सोय कमी पडते. स्टेशन, मोठी दुकानं, संग्रहालयं हे पर्याय. बहुतेक ठिकाणी ५० सेंट ते १ युरो पडतो, तेव्हा तेवढी नाणी वेगळ्या कप्प्यात ठेवा.

तीच गोष्ट पैशांची. अनेक टपऱ्यांवर अजून रोखच चालते. १० आणि २० च्या नोटा न्या, ५० ची नोट बघून विक्रेता कपाळाला आठी घालतो. एटीएममधून काढताना मशीन विचारतं, रुपयांत वळवून घेऊ का? नाही म्हणा, युरोतच काढा. मशीनचा दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा बहुधा महाग असतो. खाण्यापिण्याला माणशी २० ते २५ युरो धरा.

मगाचा हिशोब

गरम पेय चिनी मातीच्या मगात मिळतं आणि त्याचं डिपॉझिट किमतीवर वेगळं घेतात. याला फान्ड म्हणतात, साधारण ३ ते ५ युरो. पाटीवर ४.५० लिहिलेलं असतं आणि विक्रेता ८ युरो मागतो, तेव्हा फसवलं असं वाटून घेऊ नका. रिकामा मग परत दिला की पैसे परत. काही ठिकाणी मगाबरोबर प्लास्टिकचा बिल्ला देतात, मग आणि बिल्ला दोन्ही दिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. बिल्ला हातमोज्यात ठेवून विसरणारे पुष्कळ. मग शक्यतो त्याच टपरीवर परत करा, दुसरीकडे घेतीलच असं नाही. दुसरं पेय घेताना जुना मग पुढे करा, म्हणजे नव्याचं डिपॉझिट द्यावं लागत नाही. मगावर दर वर्षी नवं चित्र असतं. तो ठेवून घ्यायचा असेल तर परत करू नका, डिपॉझिट हीच त्याची किंमत. फक्त शेवटचा मग ठेवा, म्हणजे चिकट मग पिशवीत घेऊन फिरावं लागत नाही.

मगात काय आहे ते मात्र नीट विचारा. ग्लूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि साखर घालून, उकळू न देता गरम केलेली रेड वाइन. युरोपीय नियमानुसार त्यात किमान ७ टक्के अल्कोहोल असतं. न्यूरेंबर्गची खासियत हायडेलबेर-ग्लूवाइन, म्हणजे ब्लूबेरीची. जांभळा रंग बघून सरबत समजून मुलांच्या हातात देऊ नका, तीही वाइनच. ‘मिट शूस’ म्हटलं की त्यात रम किंवा तसलं काही आणखी ओततात. आयरपुन्शमध्ये अंडंही असतं आणि दारूही. न पिणाऱ्यांनी आणि मुलांसाठी ‘किंडरपुन्श’ मागा, तो फळांच्या रसाचा असतो. वाटलंच तर ‘ओने अल्कोहोल?’ असं विचारून खात्री करा.

ग्लूवाइनने ऊब येते ती वरवरची. अल्कोहोलने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, गाल गरम वाटतात आणि शरीराची उष्णता मात्र बाहेर जाते. दोन मगांनंतर जॅकेटची चेन उघडणारे हेच लोक तासाभराने कुडकुडतात.

शाकाहारी माणसाने काय खावं

सगळ्यात आधी कार्टोफेलपुफर. किसलेला बटाटा, कांदा, थोडं पीठ, बहुतेकदा अंडं. पळीने सपाट तव्यातल्या तेलात सोडतात, कडा जाळीदार आणि तपकिरी होईपर्यंत तळतात. दिसायला आपलं बटाट्याचं थालीपीठच, पण तेल जास्त. बरोबर सफरचंदाचा गोड लगदा किंवा लसणाची सॉस देतात. पहिल्यांदा सफरचंदाबरोबर खायला विचित्र वाटतं, तिसऱ्या घासाला पटतं. गरम असतानाच संपवा, पाच मिनिटांत चामट होतो. जवळ मिरचीपूड किंवा मेतकुटाची पुडी असली तर बिघडत नाही.

भाजलेले चेस्टनट, म्हणजे मारोनी, आणि साखरेत घोळून भाजलेले बदाम अंडं न खाणाऱ्यांनाही चालतात. कागदी पुडीत गरम मिळतात, हातांना शेकही होतो. लसूण सॉसमधले मशरूम बरे असतात. फ्लामकूखन हा पातळ पिझ्झासारखा प्रकार, त्यावर कांद्याबरोबर डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालतात. ‘ओने श्पेक, बिटं’ म्हणा, नव्याने भाजून देत असतील तर मिळतो. आंबट कोबीच्या भाजीतही हे तुकडे लपलेले असतात. ‘इस्ट दा फ्लाइश ड्रिन?’ म्हणजे ‘यात मांस आहे का?’, एवढं वाक्य पाठ करून जा. व्हेजिटारिश लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं, हे घरच्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

मांसाहारी लोकांसाठी ‘द्राय इम वेग्ला’: बोटाएवढ्या तीन ब्राटवुर्स्ट एका पावात. लाकडाच्या किंवा कोळशाच्या धगीवर भाजलेल्या, मार्जोरम या सुगंधी पाल्याच्या वासाच्या, डुकराच्या मांसाच्या. मोहरी लावून खा, केचप मागू नका.

घरी काय आणावं

लेबकूखन ही मसाल्याची नानकटाई म्हणा. त्यातला वरचा दर्जा एलिझन-लेबकूखन: सुकामेवा किमान २५ टक्के आणि पीठ १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. डब्यावर एलिझन हा शब्द बघूनच पैसे द्या. यात अंडं असतं. साखरेचा किंवा बिनमुलाम्याचा घ्या, चॉकलेटचा थर ठाण्यात पोचेपर्यंत पांढरट पडतो. टपरीवर लटकणारे, अक्षरं लिहिलेले मोठे हार्ट खायचे नसतात, दात हलतील. कोरडे पडले तर डब्यात सफरचंदाची फोड एक रात्र ठेवा, मऊ होतात.

सुक्या आलुबुखारांचे बाहुले, त्स्वेच्गनमेन्ले, गमतीचे आणि न्यूरेंबर्गचेच. पण जुलैच्या दमटपणात त्यांना बुरशी धरते आणि मुंग्या तर त्याआधीच येतात. आणलेच तर बंद काचेच्या बरणीत ठेवा.

मधे एक दुपार मोकळी असेल तर यू-वन मेट्रोने दहा-पंधरा मिनिटांत फ्युर्थला जाऊन या. जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे ७ डिसेंबर १८३५ ला याच दोन गावांमध्ये धावली, सहा किलोमीटर. बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर सतरा वर्षं चार महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ ला. न्यूरेंबर्ग स्टेशनजवळच्या रेल्वे संग्रहालयात ती पहिली गाडी ओढणाऱ्या आडलर इंजिनाची प्रतिकृती आहे. ठाणेकराने एवढं तरी बघावंच.

२४ तारखेनंतर तिथे राहणार असाल तर खाण्याची सोय आधी करा. २०२६ मध्ये २५ शुक्रवार, २६ शनिवार, दोन्ही सुट्ट्या, आणि २७ रविवार, रविवारी दुकानं तशीही बंद. म्हणजे २४ च्या दुपारपासून २८ च्या सकाळपर्यंत किराणा नाही, स्टेशनातली एक-दोन दुकानं सोडली तर. दूध, पाव, भाज्या २३ लाच भरून ठेवा.

आणि एक वस्तू जी खरोखर वापरली जाते: हेर्नहूटचा तारा. २५ टोकांचा, आत दिवा, आपल्या आकाशकंदिलाचा चुलतभाऊ. कागदी तारा घरात लावायचा, प्लास्टिकचा बाहेर. गॅलरीत टांगायचा तर प्लास्टिकचाच घ्या. जर्मनीतही वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे दिवा आपल्याकडे चालतो, ट्रान्सफॉर्मरची गरज नाही. बारीक दोन पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बहुधा बसतो, जाड गोल प्लग बसत नाही, त्याला अडॅप्टर लागतो. घेताना प्लग हातात धरून बघा, आणि मोठा तारा सुटा करूनच मिळतो का ते विचारा. जोडलेला तारा कुठल्याच बॅगेत मावत नाही.